भिंत बुक आहे

आधी एवढंच लिहायचं: भिंत बुक आहे.
खाली साल, आणि एक बाण या टोकापासून त्या टोकापर्यंत.
मग बाकीचं सावकाश.
दस्तगीर पेंटरनं मला शिकवलेलं पहिलं वाक्य ते.
मी बादली धरायचो.
चुन्यात नीळ किती, गेरूत डिंक किती
हे चवीनं कळतं म्हणायचा
आणि खरंच बोट जिभेला लावायचा.

शहाऐंशी साली उत्तरेश्वरातल्या एका भिंतीवर
मी थर मोजले होते.
तळाला साखर कारखान्याच्या इलेक्शनचं विमान.
त्यावर विरोधी पॅनेलची कपबशी,
पण चुना पातळ पडला,
कपातनं विमानाचं शेपूट उन्हाळाभर दिसत राहिलं.
मग खासबागेतल्या कुस्त्या, मग व्हिडिओवर
दोन पिक्चर, तिकीट दोन रुपये.
मग तालमीची टीम फायनल जिंकली
तेव्हा पोरांनी स्वतःच खरडलेलं ‘हार्दीक अभीनंदन’.
त्यातल्या दोन्ही वेलांट्या
दस्तगीरनं शिव्या देत, फुकट, ऱ्हस्व केल्या.

काम रात्रीचं. पहाटे गंगावेशीत
म्हशीच्या कासेखालचं ऊन दूध,
फेस मिशीला.
कट्ट्यावर विमानवाले, कपबशीवाले एकाच बाकड्यावर,
एकमेकाची आय-माय काढत
एकमेकाचे पैसे देत.
आमचे मात्र दोघांकडंही थकलेले.

मग सीमेचं वारं उठलं.
पेठेतली माणसं वेश बदलून बेळगावला जाऊ लागली,
पाठीवर वळ घेऊन यायला लागली.
घोषणा लांबलचक, भिंती तोकड्या.
‘झालाच पाहिजे’.
शिडीखालनं कुणीतरी ओरडायचं,
‘पेंटर, च मोठा काढ! सगळी ताकद चमध्ये हाय!’
तो काढायचा. पुरुषभर उंचीचा च,
पोट पुढं काढून उभा राहिलेल्या फौजदारागत.

त्याच आठवड्यात निपाणीहून निळं आंतर्देशीय.
जैबुननं लिहिलेलं:
भाईजान, सायकल दुकानाचा बोर्ड कानडीत करा
म्हणून माणसं दोनदा सांगून गेली.
इथला पेंटर साठ मागतो.
तुला येतं का?

एसटी कागलपर्यंतच. पुढं चालत.
दूधगंगेच्या पुलावर पोलिसानं पिशवी उलटी केली,
ब्रश रस्त्यावर.
‘कुठं?’
‘भणीकडं.’
‘हे कशाला?’
‘भणीकडं,’ दस्तगीर पुन्हा म्हणाला.
पुढं तंबाखूच्या ट्रकात बसलो, शिंकत.

सादिकनं, सातवीतल्या भाच्यानं,
पाटीवर अक्षरं काढून दिली.
दस्तगीर कितीतरी वेळ नुसता बघत बसला.
‘आयला, वळण बघ की ह्याचं. म्हशीच्या शिंगागत.
आणि ह्यो डोक्यावर तुरा. फेटाच की गा!’
वाचता एक अक्षर येत नव्हतं.
त्यानं ती काढली, जशी चित्रं काढतात.
पत्र्याच्या बोर्डावर, पिवळ्यावर काळी.
‘मामू, इथं पोट चुकलं,’ सादिक म्हणाला.
आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी त्याची चूक काढली होती.
चिंधीनं पुसलं. पुन्हा काढलं.
जैबुन आतनं भाकरी थापत विचारत होती,
तिकडं लई पेटलंय म्हणं?
‘व्हय,’ तो म्हणाला, ‘रंग महाग झालाय.’

परत आलो त्या रात्री तीच भिंत, तीच शिडी,
खालनं तोच आवाज: ‘च मोठा!’
मी बादली धरून पेंगत होतो.
उजाडल्यावर बघितलं तर
चच्या डोक्यावर, रेघेच्याही वर,
गेरूचा एक बारीक तुरा.

कुणाला दिसला नाही. कुणाला म्हणजे,
गंगावेशीतनं म्हशी हाकत निघालेला ईश्वरा गवळी
तेवढा थांबला,
मान वाकडी करून म्हणाला,
‘पेंटर, तुझ्या चवर पाखरू बसलंय व्हय?’
दस्तगीर ब्रश धूत होता.
‘बसू दे की,’ म्हणाला.
‘भिंत बुक हाय. पाखराला कोण इचारतंय.’